कापसाची तेजी आणि कुणब्याचा कर्जरोखा

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे पन्नास-साठ मैल सरकेपर्यंत इतका विरळ होतो, की भीमथडी, इंदापूर, शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या तालुक्यांतील शेतकऱ्याला पेरलेले पदरात पडेल अशी शाश्वती कोणत्याही राजवटीत लाभली नाही. नद्यांच्या काठची काळी जमीन सोडली, तर बाकीचा बराचसा मुलूख मुरमाड. पिके बाजरीची आणि जोंधळ्याची. आणि अधूनमधून एखादे साल असे उगवे, की कणगीत दाणा नाही आणि दावणीला बैल नाही. अशा मुलखात कर्ज हे उधळेपणाचे लक्षण नसून शेतीच्या नित्य व्यवहाराचेच एक अंग होते. पेरणीला बियाणे हवे, बैल मेला तर दुसरा बैल हवा, घरातले कार्य निभावले पाहिजे आणि सरकारचा हप्ता तर चुकविता येत नाही. या सगळ्या प्रसंगी कुणबी ज्याच्या ओट्यावर जाऊन बसे तो गावचा सावकार, कितीही नावडता असला, तरी गावगाड्यातला एक आवश्यक माणूस होता.

आणि तरीही 12 मे 1875 रोजी, सुप्याच्या बाजारच्या दिवशी, भोवतालच्या गावांतून जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून त्यांचे कर्जरोखे आणि वह्या हस्तगत केल्या व त्यांची भर रस्त्यात होळी केली. इतिहासाच्या पुस्तकांत ‘दक्षिणेतील दंगे’ या नावाने ही घटना दोन-चार ओळींत उरकली जाते. परंतु दूरदेशीच्या बाजारातील उलथापालथ आणि राजधानीत बसून केलेल्या सुधारणा या दोहोंचा भार अखेर गरिबाच्याच माथी कसा येतो, हे समजून घ्यायचे असेल, तर या मुलखाच्या 1818 ते 1879 या साठ वर्षांच्या इतिहासाइतका बोलका दाखला क्वचितच सापडेल. दारिद्र्य केवळ आपत्तीच्या आघाताने येत नाही; तो आघात कोणी सोसावा हे ठरविणाऱ्या नियमांत त्याचे मूळ असते, हेच या इतिहासाचे सार आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

पेशवाईतही सावकारी होती आणि व्याजाचे दरही काही सौम्य नव्हते. मात्र सावकाराच्या लोभाला आळा घालणारी काही बंधने त्या व्यवस्थेतच होती. व्याज मुदलाच्या पलीकडे जाऊ नये हा दामदुपटीचा संकेत धर्मशास्त्राने मान्य केलेला होता. कुळाने पैसे बुडविले तर तगादा लावणे, दारात धरणे धरणे, पाटलाकडे किंवा पंचायतीकडे गाऱ्हाणे नेणे, इतकेच मार्ग सावकाराला मोकळे होते. आणि पंचायतीत बसणारे लोक गावातलेच असल्यामुळे त्या साली पाऊस पडला की नाही, कुळाच्या घरी खाणारी तोंडे किती, हे त्यांना सांगावे लागत नसे. गावावाचून सावकाराचे चालत नव्हते आणि सावकारावाचून गावाचे. ही व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नव्हे. पण तिच्यात दोन्ही पक्ष एकमेकांच्या मुठीत होते, आणि म्हणून वाईट सालाचा भार थोडाबहुत दोघांनाही वाटून घ्यावा लागे.

1818 मध्ये राज्य बदलले. नव्या इंग्रजी राजवटीचा कारभारी एल्फिन्स्टन याने आरंभी जुनी घडी शक्य तितकी सांभाळली; 1827 च्या त्याच्या प्रसिद्ध कायदेसंग्रहात व्याजाला दरसाल दरशेकडा बारा रुपयांची मर्यादाही होती. परंतु महसुलाच्या बाबतीत नव्या सरकारला घाई होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात पहिली पैमाईश केली; ती रिकार्डोच्या अर्थशास्त्राला धरून इतक्या काटेकोर हिशेबाने बांधलेली होती, की तिने ठरविलेला धारा जमिनीला झेपेना, शेते ओस पडू लागली आणि सरकारला ती गुंडाळून ठेवावी लागली. त्यानंतर 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी जमाबंदी सुरू केली. शेत हे मोजणीचे परिमाण, प्रत्येक शेताचा आकार निराळा, तो तीस वर्षे बदलणार नाही याची हमी, आणि सरकारशी थेट संबंध खातेदाराचा, ही तिची मुख्य तत्त्वे. दर माफक होते. पडीक जमिनी पुन्हा लागवडीखाली आल्या. कुणब्याच्या घरी काही काळ खरोखरच बरे दिवस आले. हे श्रेय त्या दोन अधिकाऱ्यांना दिलेच पाहिजे.

परंतु याच सुधारणेच्या पोटात पुढच्या संकटाचे बीज होते. धारा हलका आणि निश्चित झाल्यामुळे जमिनीला किंमत आली. खातेदाराचा हक्क विकता येण्याजोगा आणि गहाण टाकता येण्याजोगा झाला. आणि ज्या कुणब्याला पूर्वी त्याच्या उभ्या पिकाच्या अंदाजाने चार-दोन मण धान्य किंवा थोडे रुपये उसने मिळत, त्याला आता जमिनीच्या भरवशावर मागेल तितके कर्ज मिळू लागले. त्याची पत वाढली हे खरे. पण पत वाढली म्हणजे धोकाही वाढला, कारण गमावण्यासारखे काहीतरी आता त्याच्यापाशी होते. धारा रोख नाण्यात आणि ठरल्या तारखेला भरावयाचा असल्यामुळे, आणि जुन्या गावपद्धतीतली सूट-तहकुबीची लवचीकता नाहीशी झाल्यामुळे, अवर्षणाच्या साली सावकाराच्या ओट्याखेरीज त्याला दुसरी जागा उरली नाही. सावकार आणि कुळ यांचे नाते कोणत्या वळणावर चालले आहे, याविषयी खुद्द विंगेटनेच 1852 मध्ये सरकारला सावध केले होते.

त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष तर झालेच, पण पुढील काही वर्षांत जे दोन कायदे झाले त्यांनी तराजूचे पारडे सर्वस्वी एका बाजूला झुकविले. 1855 साली व्याजाची कमाल मर्यादा रद्द झाली. कराराचे स्वातंत्र्य हे त्या काळच्या इंग्रज राज्यकर्त्यांचे आवडते तत्त्व होते, आणि निरक्षर कुणबी व मुरब्बी सावकार हे दोघे समान पक्ष आहेत असे गृहीत धरून ते इथे लावण्यात आले. 1859 साली मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत फिर्याद झाली नाही तर तो रद्द समजावा, असे त्यात ठरले. हेतू चांगला होता: जुनी देणी वर्षानुवर्षे साचत जाऊ नयेत, ऋणको कधीतरी मोकळा व्हावा. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासाठी एका रोख्याचा हिशेबच मांडून पाहू.

समजा एका कुणब्याने शंभर रुपये कर्ज काढले आणि व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये ठरले. तीन वर्षे सरत आली की सावकार त्याला बोलावून घेई आणि मुदत संपत आल्याचे सांगून, एक तर फिर्याद नाही तर नवा रोखा, असा पेच त्याच्यापुढे टाकी. तीन वर्षांचे व्याज बहात्तर रुपये मुदलात मिळवून एकशे बहात्तरांचा नवा रोखा होई. आणखी तीन वर्षांनी तो जवळजवळ दोनशे शहाण्णवांचा, आणि नवव्या वर्षाअखेर पाचशे नऊ रुपयांचा. दामदुपटीने हाच आकडा दोनशेवर थांबला असता. पण प्रत्येक रोखा कायद्याच्या दृष्टीने नवे मुद्दल असल्यामुळे त्या जुन्या संकेताचा आधार कुळाला मिळेना. मध्यंतरी कुळाने सावकाराच्या घरी जे धान्य घातले, जो कडबा टाकला, जी राबणूक केली, तिची पावती नसे. जमा धरली असेल तर ती सावकाराच्या वहीत, आणि वही वाचणार कोण? रोख्याच्या तळाशी कुळाचे नाव लेखनिकच लिही आणि त्यापुढे कुणबी म्हणून नांगराची निशाणी काढी. कुळाने हात लावला की सही झाली. ज्या नांगरावर त्याचे पोट चाले, त्याच नांगराच्या चित्राने त्याचे शेत दुसऱ्याच्या नावावर जाण्याची वाट मोकळी होई.

मग दिवाणी न्यायालय. समन्स निघे, तालुक्याचे ठिकाण दूर, गेले तर दिवसाची मजुरी बुडणार, वकिलाची फी कोठून आणावी या विवंचनेत, आणि ‘सही माझी आहे’ एवढेच तर कबूल करावयाचे आहे अशा समजुतीने, कुळ बहुधा हजरच राहत नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. मुन्सफाचा यात दोष नव्हता. त्याच्यापुढे कागद होता, कागदावर निशाणी होती, आणि कागदाच्या मागे काय घडले हे पाहण्याचा अधिकार कायद्याने त्याला दिलेला नव्हता. अशा रीतीने जप्ती, अटक आणि लिलाव ही सरकारची सारी शक्ती सावकाराच्या दिमतीला आली, आणि गावाची त्याला जी भीड होती ती पार मोडली.

अशा या जमिनीवर अमेरिकेतील यादवी युद्धाची लाट येऊन आदळली. एप्रिल 1861 मध्ये ते युद्ध सुरू झाले. दक्षिणेतील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाली. आणि लँकेशायरच्या गिरण्या, ज्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग अमेरिकेतून येई, त्या हिंदुस्थानकडे डोळे लावून बसल्या. पुढील चार वर्षे मुंबईने जे वैभव पाहिले त्याच्या कथा प्रसिद्धच आहेत. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर लाखो रुपये फिरत; समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, बँका, वायदे यांचा बाजार असा तापला, की कागदाच्या भागांसाठी लोक सोने देत. 1864 च्या गणतीत मुंबईची वस्ती 8,16,562 भरली. एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतील युद्ध संपल्याची वार्ता आली, भाव कोसळले, 1 जुलै 1865 या वायदे पुरे करण्याच्या दिवशी एकामागून एक पेढ्यांनी दिवाळे काढले. मुंबई बँक त्या धक्क्यातून सावरली नाही आणि तीन वर्षांत बुडाली. आणि 1872 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 6,44,405 वर उतरलेली आढळली.

भीमथडी-शिरूरकडचा कुणबी मुख्यतः बाजरी-जोंधळा पिकविणारा. कापसाच्या सोन्याचा वाटा त्याच्या पदरात थेट असा थोडाच पडला. परंतु तेजी अनेक वाटांनी त्याच्या दारापर्यंत आली. बोरघाटातून लोहमार्ग 1863 मध्ये पुरा झाला. त्या बांधकामावर मजुरीचे दर चढले. बैलगाडी असलेल्याला भाडे मिळू लागले. धान्याचे भाव वाढले. आणि मुंबईत पैशाचा सुकाळ झाल्यामुळे तो मोठ्या पेढ्यांकडून लहान पेढ्यांकडे आणि तेथून गावच्या सावकाराकडे वाहत आला. सावकार न मागता देऊ लागला. कुणब्याने विहीर खणली, बैल घेतले, मुलांची लग्ने थाटाने केली. हे दिवस असेच राहतील असे त्याला वाटले, आणि हाच भ्रम मुंबईतील भल्याभल्या शेटजींना झालेला असताना केवळ कुणब्याला मूर्ख ठरविणे अन्यायाचे होईल.

ओहोटी लागली तीही त्याच वाटेने. मुंबईच्या पेढ्यांनी देणे मागितले, तेव्हा गावच्या सावकाराने हात आखडता घेतला आणि जुन्या कुळांमागे तगादा लावला. लोहमार्गाचे काम पुढे सरकले तशी मजुरी गेली. धान्याचे भावही उतरले. आणि नेमक्या याच काळात गोल्डस्मिड-विंगेट जमाबंदीची तीस वर्षे पुरी होत आली होती. 1867 मध्ये इंदापुरात, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत भीमथडी, हवेली या तालुक्यांत, फेरपाहणी झाली. पाहणी करणाऱ्यांपुढे तेजीच्या वर्षांतील भाव होते. त्या भावांवरून जमिनीची कुवत ठरली. आणि अनेक गावी आकार दीडपटीवर, कोठे कोठे त्याहूनही वर गेला. तेजी ओसरून गेल्यावर तिचा कर मात्र पुढल्या तीस वर्षांसाठी कुणब्याच्या खात्यावर कायम झाला. नव्यानेच स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने या वाढीविरुद्ध आवाज उठविला; गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी गावोगावची माहिती गोळा करू लागले. 1874 मध्ये सरकारने वाढीला मर्यादा घातली. परंतु तोवर सावकारांनी कुळांच्या वतीने धारा भरण्याचेही नाकारावयास सुरुवात केली होती, आणि एका बाजूस मामलेदाराची व दुसऱ्या बाजूस बेलिफाची जप्ती अशा कात्रीत कुणबी सापडला होता.

पहिली ठिणगी डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील करडे या गावी पडली. काळूराम नावाच्या सावकाराने तेथील बाबासाहेब देशमुख यांच्यावर सुमारे दीडशे रुपयांच्या देण्याचा हुकूमनामा मिळविला. देशमुखाचे घर जाणार हे पाहून गावाने सावकारांवर बहिष्कार घातला: कोणी त्यांच्या घरी काम करीना, त्यांच्या दुकानातून माल घेईना, न्हाव्याने हजामत करणे सोडले. ही लाट शेजारच्या गावांत पसरली आणि पाच महिन्यांनी सुप्याला पोचताना तिने उग्र रूप धारण केले. सुप्याच्या दंग्यानंतर चोवीस तासांत सात कोसांवरील एका गावात सावकाराच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. पुढील काही आठवड्यांत पुणे व नगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावे या वणव्यात सापडली. फौज बोलवावी लागली आणि 951 लोक पकडले गेले.

या दंग्यांचे वैशिष्ट्य सरकारी चौकशीतही नमूद झाले आहे. लोकांना हवे होते ते रोखे. सावकाराने ते मुकाट्याने दिले तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. नाकारले तर मारहाण, क्वचित जाळपोळ झाली. जिवावर उठण्याचे प्रसंग अगदी विरळ. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता, कारण त्यांचा व्यवहार मोठा आणि गावाशी त्यांचे मूळ नाते तुटक. पण त्यात जातिद्वेष शोधण्यापेक्षा कागदाविषयीचा द्वेष पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल. आपले दारिद्र्य कोणत्या वस्तूत साठवून ठेवलेले आहे, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखले होते.

सरकारने नेमलेल्या आयोगाने 1876 मध्ये आपला अहवाल दिला. सावकारी, कर्जबाजारीपणा, मुदतीचा कायदा आणि न्यायालयांची पद्धत यांचे त्याने केलेले विवेचन आजही वाचण्यासारखे आहे. पण धारावाढ हे दंग्याचे कारण नव्हे, असा त्याचा एकंदर निष्कर्ष झाला. ऑकलंड कॉल्व्हिन या एका सभासदाने मात्र निराळे टिपण लिहून वाढत्या साऱ्याकडे बोट दाखविले. अहवालावर विचार चालू असतानाच 1876-78 चा भीषण दुष्काळ कोसळला, आणि 1879 च्या प्रारंभी वासुदेव बळवंत फडके यांनी याच शिरूर तालुक्यातील धामारी येथे दरोडा घालून आपल्या बंडाला सुरुवात केली. आता स्वस्थ बसणे सरकारला शक्य नव्हते.

पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता, डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट या नावाने प्रसिद्ध असलेला कायदा 1879 साली झाला. त्या काळच्या मानाने तो धाडसी होता हे मान्य केले पाहिजे. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून हिशेब पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जासाठी शेतकऱ्याची अटक बंद झाली. स्पष्टपणे गहाण नसलेली जमीन विकण्यास बंदी झाली. दस्तऐवज ग्रामनिबंधकापुढे व्हावा असे ठरले. तडजोड घडविणारे लवाद नेमले गेले. आणि मुदत वाढविण्यात आली. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील न्यायालयांवर देखरेख करण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि 1887 पासून ते त्याचे विशेष न्यायाधीशच झाले. हजारो कुळांना न्यायालयात प्रथमच आपली बाजू सांगता आली, हे या कायद्याचे खरे पुण्य.

परंतु कुणब्याला पेरणीच्या वेळी बियाणे लागतच होते आणि हप्ता भरावा लागतच होता. कर्जाची गरज तशीच ठेवून कायद्याने कर्जाचा कागद तेवढा बदलला. तेव्हा सावकारानेही कागद बदलला. गहाणखताऐवजी तो खरेदीखत मागू लागला: जमीन माझ्या नावे विकून दे, पैसे फेडलेस की परत देईन, हे वचन तोंडी. जमीन कागदोपत्री विकलेली, कुणबी तिच्यावरच खंडाने कसतो आहे, आणि परतीच्या वचनाला पुरावा नाही, अशी स्थिती गावोगाव दिसू लागली. ज्यांना जमिनीच नव्हत्या, त्यांना तर कर्ज मिळणेच दुर्घट झाले. जोतीराव फुले यांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो याच काळात, आणि त्यात केवळ सावकाराला नव्हे, तर कुणब्याला अज्ञानात ठेवून त्याच्या श्रमावर चालणाऱ्या साऱ्या कारभाराला त्यांनी जबाबदार धरले.

पर्यायी पतपुरवठ्याची गरज कोणाला दिसलीच नव्हती असे नाही. विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली; जुनी देणी तडजोडीने मिटवावीत, बँकेने माफक व्याजाने कर्ज द्यावे, वसुलीला सरकारने साहाय्य करावे, असा तिचा आराखडा होता. हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल असतानाही भारतमंत्र्यांनी ती नामंजूर केली. तगाईचे कायदे 1883-84 मध्ये झाले, सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 मध्ये आला. पण सुप्याच्या दंग्यानंतर पाऊणशे वर्षांनी, 1951-52 मध्ये, जेव्हा ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सुमारे 70 टक्के अजून सावकाराकडून आणि केवळ 3.1 टक्के सहकारी संस्थांकडून येत असल्याचे आढळले. निर्बंधाचे कायदे भरपूर झाले होते; सावकाराची जागा घेणारी संस्था मात्र उभी राहिली नव्हती. ती उभी राहू शकते याचे प्रत्यंतर त्याच सुमारास त्याच नगर जिल्ह्यात आले: विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना 1950 मध्ये सुरू झाला. त्यात पुढे कितीही दोष शिरले असले, तरी पीक, पत आणि बाजार या तिन्हींवर उत्पादकाचा हात असला म्हणजे शेतकरी भावाच्या चढउतारासमोर निराधार राहत नाही, ही गोष्ट तेथे सिद्ध झाली.

आज तांबे, कॉफी, कापूस यांच्या भावांवर ज्यांची भिस्त आहे अशा अनेक गरीब देशांत हेच नाटक नव्या पात्रांनिशी चालू असते: तेजीच्या वर्षांत कर्ज सहज मिळते, मंदीत ते परत मागितले जाते, आणि तेजीच्या आकड्यांवरून आखलेली करप्रणाली मंदीतही तशीच राहते. मग सुधारणा होतात; त्यांतल्या काही चांगल्याही असतात. त्या सुधारणांना गोल्डस्मिड-विंगेटच्या जमाबंदीला, 1859 च्या मुदतीच्या कायद्याला आणि 1879 च्या कर्जनिवारण कायद्याला विचारावा असा एकच प्रश्न विचारला पाहिजे: पाऊस पडला नाही, किंवा भाव कोसळला, तर या कायद्यान्वये नुकसान कोणी सोसावयाचे? सरकारने धारा तहकूब करून, धनकोने व्याज सोडून आणि ऋणकोने पोटाला चिमटा घेऊन ते वाटून घ्यावयाचे, की केवळ ज्याच्यापाशी काहीच शिल्लक नाही त्यानेच? सुप्याच्या कुणब्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर साठ वर्षे एकच मिळत राहिले, आणि राज्यकर्त्यांपैकी बहुतेकांचा हेतू शुद्ध असूनही ते बदलले नाही. म्हणून गरिबांसाठी कायदा करणाऱ्याने आपल्या सद्धेतूवर विसंबून न राहता वाईट सालाचा हिशेब आधी मांडावा. तो मांडल्यावाचून केलेली कोणतीही सुधारणा, कितीही उदार शब्दांत लिहिलेली असो, शेवटी बलवानाच्याच हातचे हत्यार होते.